अडचण घेऊन जाणारे आप्पा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी चहाच्या वेळेला, नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. रक्कम रुपये बारा हजार सहाशे. एका कुटुंबाचे सहा हजार तीनशे, अशी दोन कुटुंबं. हजर माणसं: मी, माझी बायको, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, आमची आई आणि आप्पा. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, "भाऊ? तुमचा भाऊ, तुमच्या घरात?" होय. मलासुद्धा अजून खरं वाटत नाही.

आप्पा हे त्यांचं नाव नव्हे, आणि नाव मी लिहिणार नाही. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी अकाउंट्सला आहे तिथेच ते स्टोअर्सला होते. स्टोअर्सची एक पद्धत असते. एखाद्या खात्याने मालाची मागणी लिहून दिली, की त्या कागदाला इंडेंट म्हणतात, आणि माल हातात पडेपर्यंत ते इंडेंट बंद करायचं नाही. बोल्ट नसले तर "नाहीत" म्हणायचं नाही. "आले की देतो" म्हणायचं आणि इंडेंट उघडं ठेवायचं. आप्पांची सगळी नोकरी यात गेली. पुढे जे झालं त्याचं मूळ मला इथे दिसतं. माणूस रिटायर झाला, सवय रिटायर झाली नाही.

रिटायर झाल्यावर ते थेट विक्रीच्या एका कंपनीत शिरले. दंतमंजन, कपड्यांची पावडर, गुडघ्यांना लावायचं तेल, दुधात घालायची प्रोटीनची भुकटी असा माल. सहा हजार तीनशे भरले की मालाची पिशवी मिळते आणि आपल्या हाताखाली आणखी माणसं जोडायचा हक्क मिळतो. जोडलेल्यांनी माल घेतला की आपल्याला थोडं कमिशन. आप्पांच्या हाताखाली मुळात दोन नावं होती. एक त्यांच्या बायकोचं, ती वारली. दुसरं जावयाचं, त्याने पुढे फोन उचलणं सोडलं. बाकी सगळे आम्ही, म्हणजे "बघू" म्हणालेले.

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. दारात आलेल्या माणसाला आपण "बघू" म्हणतो, "सांगतो" म्हणतो, "घरात विचारतो" म्हणतो, "दिवाळी होऊन जाऊ दे" म्हणतो. नाशकात आणखी एक सोय आहे, "सिंहस्थ झाला की बघू." ऐकणाऱ्यालाही कळतं की हे नाहीच आहे, आणि तो चहा पिऊन जातो. दोघांची अब्रू राहते. आप्पांना हे कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही. त्यांच्या लेखी "दिवाळीनंतर बघू" म्हणजे काम दिवाळीपुरतं अडलं आहे. आणि अडलेलं काम सोडवायची जबाबदारी, स्टोअर्सच्या नियमाप्रमाणे, त्यांची.

"नाही म्हणाले का? नाही ना? मग चालू आहे," असं ते शांतपणे म्हणायचे. दुसरं एक वाक्य ठरलेलं होतं. समोरचा का-कू करायला लागला की पिशवी मांडीवर घट्ट धरून पुढे वाकायचे आणि म्हणायचे, "अडचण काय आहे तेवढी सांगा. ती मी घेऊन जातो."

आणि खरंच घेऊन जायचे.

नांदगावकडचा एक शेतकरी, आमच्या कँटीनवाल्याचा मेहुणा, लग्नात भेटला असताना सहज बोलून गेला होता, "कांद्याला भाव येऊ द्या आप्पा, मग बघू." त्या दिवसापासून आप्पा रोज लासलगावचा भाव विचारायला लागले. घरात दोन कांदे लागणारा माणूस, पण आज आवक किती, उन्हाळ कांदा किती, लाल किती, सगळं तोंडपाठ. पुढे एका वर्षी भाव चांगलाच चढला. सकाळी उजाडायच्या आत आप्पा स्कूटरवरून नांदगावच्या वाटेला लागले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन त्या माणसाच्या अंगणात उभे राहिले. तो दात घासत होता. त्याला वाटलं नात्यात कुणी गेलं.

"भाव आला," आप्पा म्हणाले.

"आला खरं आप्पा," तो चूळ भरून म्हणाला, "पण आपला कांदा तं मागंच गेला ना. ठिवायला जागा कुठं हाय?"

दुसरा माणूस असता तर पेढे देऊन परत आला असता. आप्पांनी नवी अडचण उचलली. कांदाचाळीसाठी अनुदान असतं, त्याचे कागद कुठे करायचे, ते त्यांनी शोधून काढलं. त्या माणसाला घेऊन ते तालुक्याच्या कचेरीत किती वेळा गेले असतील देव जाणे. चाळ झाली. कांदा टिकला, दुसऱ्या वर्षी भावाने गेला. त्या माणसाने आप्पांना एक गोणी कांदा पाठवला आणि निरोप दिला, की यंदा बोअर घ्यायचा आहे, तेवढं झालं की बघू. आप्पा समाधानाने मला म्हणाले, "एक अडचण कमी झाली."

पेट्रोलचा विचार माझ्या डोक्यात येत होता. त्यांच्या येत नव्हता.

यापेक्षा मोठा धक्का मशीन शॉपच्या फोरमनसाहेबांच्या मुलीच्या लग्नात बसला. फोरमनसाहेबांनी कधीतरी म्हटलं होतं, "मुलीचं जमलं की मोकळा होतो, मग तुमचं बघू." आप्पा स्थळं आणायला लागले. पहिलं निफाडचं, दुसरं संगमनेरचं, तिसरं कुठलं ते विसरलो. चौथं जमलं. लग्नात त्यांचा मान मुलीच्या मामाच्या बरोबरीने झाला, शाल आणि श्रीफळ. मुलीकडचे त्यांना मुलाकडचे समजत होते, मुलाकडचे मुलीकडचे. जेवणं झाली, पाठवणीची वेळ झाली, मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडली आणि गाडीत बसली. गाडी हलली. फोरमनसाहेब रुमालात तोंड घालून उभे. आप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "साहेब, आता?"

मी दोन हात अंतरावर उभा होतो, माझ्या कानांनी ऐकलं. फोरमनसाहेबांनी रुमाल खाली केला, क्षणभर त्यांना कळेना की रडावं की हसावं. मग म्हणाले, "आप्पा, धाकटी आहे अजून."

"ती आहेच," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उपरोध नव्हता. संगमनेरचं स्थळ त्यांनी धाकटीसाठी तेव्हाच मनात धरून ठेवलं असणार.

दिसायला साधे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात चामडी चपला. हेल्मेट मात्र "बसा" म्हटल्याशिवाय काढायचे नाहीत. बायको एकदा गडबडीत "या" म्हणाली आणि "बसा" म्हणायची विसरली, तर दिवाणखान्यात पंख्याखाली ते हेल्मेट घालून उभे. आमच्या शेजाऱ्यांना वाटलं कुरिअरवाला. खुर्चीसुद्धा दाराजवळचीच. मी एकदा आत सोफ्यावर बसायचा आग्रह केला तर म्हणाले, "नको, तिथं बसलं की माणूस पाहुणा होतो."

माझ्याकडे ते कधी यायला लागले? ऑडिट चालू असताना मी म्हटलं होतं, "ऑडिट संपू दे." संपलं, तर ऑडिटर गाडीत बसत असतानाच ते गेटवर हजर. मग बायकोने तिच्या परीने टाळलं. "तुमच्या त्या मालाच्या पुस्तकातलं अक्षर किती बारीक! मला दिसत नाही. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, ते झालं की वाचते." मोतीबिंदू होता हे खरं, पण ती घाबरून चालढकल करत होती. मी सांगून थकलो होतो. आप्पांनी डॉक्टर ठरवला, तारीख ठरवली, तिला आधी ऑपरेशन झालेल्या दोन बायकांच्या घरी नेऊन आणलं. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी आणि ते. पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, "समोर काय दिसतंय, वाचा." डॉक्टरांच्या मागे आप्पा मालाचं पुस्तक उघडून उभे होते. बायको वाचायला लागली, "गुडघ्यांसाठी उत्तम तेल." डॉक्टरांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातली बॅटरी खाली पडली.

मला डोळा सुधारल्याचा आनंद होता, पण हे कुठवर जाणार या विचाराने भीतीही वाटली. म्हणून एकदा मी त्यांना समोर बसवून हिशेब मांडून दाखवला. तुमची कंपनी म्हणते, प्रत्येकाने सहा माणसं जोडावीत. ठीक. सहांचे छत्तीस, छत्तीसांचे दोनशे सोळा, अशा सहा पायऱ्या उतरलात की शेहेचाळीस हजार सहाशे छप्पन्न माणसं लागतात. दंतमंजनासाठी. मिळतील?

आप्पांनी कौतुकाने आकडा बघितला. "साहेब, तुम्ही एकदम खालच्या पायरीवर जाऊन बसलात. मी अजून पहिलीवरच आहे. तुमची अडचण काय ती बोला."

तेव्हा मी ठरवलं, की आता अशी अडचण सांगायची जी कुणाला उचलून नेता येणार नाही. आणि मला खोटं बोलता येत नाही, म्हणून ती खरी असली पाहिजे. मी म्हणालो, "आमच्या घरात पैशाचा असा काही व्यवहार करायचा तर सगळ्यांच्या एकमताने करायचा, असं वडिलांनी घालून दिलंय. घरचे म्हणजे मी, माझा भाऊ, आई, सगळे. ते समोरासमोर बसून हो म्हणाले की मी भरतो."

"भाऊ कुठे असतात?"

"येवल्याला."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि हेल्मेट घातलं. त्यांना माझी आणि भावाची गोष्ट माहीत नव्हती. कारखान्यात बाकी सगळ्यांना होती.

ती गोष्ट अशी. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापली. निमंत्रक म्हणून खाली आमच्या घराण्यातली नावं, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'स्नेहांकित' म्हणून मित्रमंडळी, शेजारी. छापखान्यात ओळी लावताना माझ्या सख्ख्या भावाचं नाव निमंत्रकांतून निसटलं आणि स्नेहांकितांत जाऊन बसलं, आमच्या दूधवाल्याच्या वर. पत्रिका वाटून झाल्यावर लक्षात आलं. मी फोन केला, समजावलं. तो म्हणाला, "दादा, मी तुझा स्नेही काय?" आणि फोन ठेवला. लग्नाला तो आला नाही, त्याची बायको आली नाही. आई एकटी एसटीने आली, पुढच्या रांगेत बसली, अक्षता टाकल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली, कारण ती त्याच्याकडे राहते.

तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. येवल्यात त्याचं पैठणीचं दुकान, मागे दोन माग. मी आईला भेटायला जायचो ते त्या घरात नाही. ती स्टँडवर यायची. स्टँडसमोरच्या रसवंतीत आम्ही मायलेक बाकड्यावर बसायचो, उसाचा रस घ्यायचो, परतीची गाडी लागली की मी निघायचो. मग तिचे गुडघे गेले. स्टँडपर्यंत येणं संपलं. फोनवर ती फक्त म्हणायची, "घरी ये ना रं." मी गेलो नाही. उन्हाळ्यापासून मी आईला पाहिलं नव्हतं, आणि तिच्या आवाजावरून मला कळत होतं, की आता फार उन्हाळे राहिलेले नाहीत.

बायको म्हणायची, "जा हो. पायरी चढलात तर काय झिजणार आहात?" मी म्हणायचो, "त्याने एकदा बोलवू दे." तो तिकडे बहुतेक म्हणत असणार, त्याने एकदा येऊ दे.

त्यानंतर आप्पा आमच्याकडे येईनासे झाले. मला हायसं वाटलं. अडचण नेमकी बसली म्हणायची. बायकोला मात्र चुकल्यासारखं व्हायला लागलं. "आजारी नसतील ना?" ती विचारायची.

आणि मग तो दसऱ्याचा आदला दिवस. सुट्टी होती. जिन्यात काहीतरी आपटल्याचा, घासल्याचा आवाज झाला, माणसांच्या धापा ऐकू आल्या. मी दार उघडलं.

समोर प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची, खुर्चीत माझी आई. एका बाजूने खुर्ची धरून आप्पा, हेल्मेटसकट. दुसऱ्या बाजूने माझा भाऊ, घामाने भिजलेला, तोंड लाल. मागे त्याची बायको, हातात पिशव्या आणि आईची काठी. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

इतक्या वर्षांनी आम्ही भाऊ एकमेकांसमोर उभे होतो. काय बोलायचं ते मी मनात अनेकदा घोळवलं होतं, त्यानेही घोळवलं असणार. तो म्हणाला, "दादा, बाजूला हो, हात सुटतोय."

मी बाजूला झालो नाही, खाली वाकून खुर्चीचा पाय धरला. तिघांनी मिळून आईला आत घेतली. आई सगळा वेळ दोन्ही हात मांडीवर ठेवून मिरवणुकीत बसल्यासारखी ताठ बसली होती. जमिनीवर खुर्ची टेकली तशी माझ्याकडे बघून म्हणाली, "लय वाळला रं तू."

बायको स्वयंपाकघराच्या दारात, हातात गाळणी, गाळणीतून चहा फरशीवर गळतोय याचा तिला पत्ता नाही. भावाची बायको म्हणाली, "ताई, आधी पाणी द्या यांना. दोघं पडतील."

पाणी झालं. आप्पा अजून उभे. बायकोच्या लक्षात आलं, ती म्हणाली, "बसा ना आप्पा." त्यांनी हेल्मेट काढलं, दाराजवळची खुर्ची घेतली, पिशवी मांडीवर घेतली आणि सुरुवात केली.

"साहेब, तुमची अट होती, घरचे समोरासमोर बसून एकमताने हो म्हणाले पाहिजेत. बरोबर?"

"हो," मी म्हणालो.

"मी यांच्याकडे गेलो. यांना योजना सांगितली. हे म्हणाले, आमच्या दादाला विचारल्याशिवाय मी असलं काही करत नाही."

मी मान वर केली. भावाकडे बघितलं. "तू असं म्हणालास?"

तो फरशीकडे बघत होता. "तोंडातून गेलं. दुकानात कुणी काही गळ्यात मारायला आलं की मी तेच सांगतो. सवय आहे."

"कधीपासून सांगतोस?"

"पहिल्यापासून." मग जरा रागाने, "आता सवय का तुला विचारून बदलू?"

इतकी वर्षं आमचं बोलणं बंद होतं, आणि हा माणूस येवल्यात येणाऱ्या प्रत्येक विमा एजंटाला, प्रत्येक प्लॉटवाल्याला सांगत होता की दादाला विचारतो. आप्पांना मात्र यात काही नवल दिसत नव्हतं. ते म्हणाले, "मग मी म्हटलं, चला, विचारू. ते म्हणाले, आज गिऱ्हाईक आहे, उद्या आईंना बरं नाही, परवा माग बंद आहे. मी थांबलो. दुकानात बसत गेलो."

"बसत गेले?" भाऊ पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. "अरे दादा, पैठणीचा पदर धरून उभे राहायचे हे. गिऱ्हाईक 'बघू' म्हणून उठलं, की हे त्यांच्या मागे दारापर्यंत. काय अडचण आहे ताई, सांगा. एका बाईला रंग पटत नव्हता, तर हे तिच्या सासूला घरून घेऊन आले. मी म्हटलं, आप्पा, माझं दुकान बंद पाडाल. तर ती सासू दोन घेऊन गेली!"

आई हसायला लागली. तिच्या तोंडात चार दात उरलेत, ते चारही दिसले. बायको हसली. मी हसलो की नाही मला आठवत नाही.

"काल शेवटी हे म्हणाले, चला, गाडी करतो. तर आता," आप्पा म्हणाले, आणि पिशवीतून एक एक डबी काढून टीपॉयवर मांडली, बाजूला दोन फॉर्म ठेवले. "सगळे आहेत. यांनी तुम्हाला विचारायचं, तुम्ही सांगायचं. दोन्ही अडचणी एकदम सुटतात."

भावाने घसा साफ केला. "दादा," तो म्हणाला, "घ्यायचं का?"

बायको माझ्याकडे बघत होती, आणि ती काय म्हणत होती ते मला न बोलता ऐकू येत होतं: हो म्हणा. बारा हजार सहाशे गेले तर गेले. आईला वर आणली आहे. हो म्हणा आणि विषय संपवा.

रकमेचं मला काही नव्हतं. भाऊ घरात येण्याचे बारा हजार सहाशे कुणी मागितले असते तर मी उभ्या उभ्या मोजले असते. पण त्याने मला विचारलं होतं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याने मला काही विचारलं होतं, आणि माझ्या शब्दावर तो त्याचे पैसे टाकणार होता. त्या शब्दात मी खोट कशी घालू? नाही म्हणावं तर, आलेला भाऊ तोंडावर नकार घेऊन जिना उतरेल ही भीती.

"नको," मी म्हणालो. "यात पैसे सुटत नाहीत. माणसं जोडत बसावं लागतं. नको घेऊस. मीही घेत नाही."

बायकोने डोळे मिटले.

भाऊ आपल्या बायकोकडे वळून, रोजच्या आवाजात म्हणाला, "दादा नको म्हणतोय. राहू दे." आणि मला म्हणाला, "चहा मिळणार आहे का? का तो फरशीलाच पाजलात सगळा?"

बायको धावत आत गेली. आत तिच्या नाक ओढल्याचा आवाज आला. भावाची बायको तिच्या मागे गेली.

आणि मग मला आप्पा दिसले.

ते हललेच नव्हते. तोंड अर्धं उघडं. खरा धक्का त्या खोलीत त्यांना बसला होता. "नको म्हणजे," त्यांनी सावकाश विचारलं, "कशानंतर नको?"

"कशानंतरच नाही आप्पा. नकोच."

"दिवाळी, सिंहस्थ, असं काही?"

"नाही."

"असं कुणी म्हणत नाही हो," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. एवढ्या वर्षांत, एवढ्या दारांत, एकाही माणसाने त्यांना हा शब्द दिला नव्हता, आणि तो हातात आल्यावर त्याचं काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही फॉर्म उचलले, सरळ केले, परत ठेवले. मग माझ्याकडे बघून अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "मग मी आता इथं कशासाठी यायचं?"

"असेच या" म्हणता आलं असतं, पण मला कळलं होतं की हा माणूस असाच कुणाकडे जात नाही. त्याला काम लागतं. नांदगावचं अंगण, फोरमनसाहेबांचं घर, येवल्याचं दुकान, आमची दाराजवळची खुर्ची. एकेक "बघू" हे त्यांचं एकेक घर होतं. आणि मी त्यातली दोन एका शब्दात बंद केली होती. चांगलं केलं की वाईट, तेव्हा ठरवता येईना.

ते डब्या पिशवीत भरायला लागले. एक कमी भरत होती. बघितलं तर आईच्या मांडीवर. आमची बोलणी चालली असताना तिने दंतमंजनाची डबी उचलली, झाकण फोडलं, बोटावर पूड घेतली आणि हिरड्यांना लावून बघितली होती. ओठ लाल झाले होते.

"आई, काय केलंस!" भाऊ म्हणाला.

"चव बघितली," आई म्हणाली. "लवंग हाय यात." मग आप्पांना म्हणाली, "ओ आप्पा, यांनी नको म्हटलं ते ऐकलं. मला कुठं विचारलं तुम्ही?"

आप्पा पिशवीवर वाकलेले, तसेच थांबले. "आजी, तुम्ही भरणार?"

"लगेच कसं सांगू? म्हातारं माणूस मी. थंडी जाऊ द्या, मग सांगते."

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. खुर्ची ओढून आईच्या जवळ नेली. आमच्या घरात ती खुर्ची दारापासून पहिल्यांदा हलली. पुढे वाकून त्यांनी विचारलं, "थंडी म्हणजे संक्रांतीपर्यंतची, की शिवरात्रीपर्यंतची?"

"ते गुडघ्यांना विचारावं लागंल," आई म्हणाली. "येत जावा मधनंमधनं. हा बी येईल आता," तिने माझ्याकडे बोट दाखवलं, "तुमच्याच गाडीवर बसून."

"गुडघ्यांचं काय ते मी बघतो," आप्पा म्हणाले, आणि पिशवीत हात घालून तेलाची बाटली शोधायला लागले.

बारा हजार सहाशे त्या दिवशी कुणी भरले नाहीत, पुढेही नाहीत. येवल्याच्या फेऱ्यांचे पैसे मी देऊ केले, ते आप्पांनी घेतले नाहीत. तेलाची बाटली नमुना म्हणून ठेवली. दंतमंजनाच्या फोडलेल्या डबीची किंमत एकशे दहा रुपये. ते द्यायला मी पाकीट काढलं, तसं भावानेही काढलं. "माझ्याकडे राहते ती," तो म्हणाला. "माझ्या घरात फोडली," मी म्हणालो. आवाज थोडे चढले. आप्पा दोघांकडे आळीपाळीने बघत होते, मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पंचावन्न मी दिले, पंचावन्न त्याने.